विमानातील मुका सोबती

महाभारतातील महाप्रस्थानाची कथा तुम्ही ऐकली असेल. राज्याचा त्याग करून पाचही पांडव द्रौपदीसह हिमालयाच्या वाटेने चालू लागले. वाटेत एक कुत्रा त्यांच्या मागोमाग निघाला. पुढे द्रौपदी पडली, एकामागून एक चौघे भाऊही पडले. उरले ते दोघेच, धर्मराज आणि तो कुत्रा. इतक्यात इंद्र आपला रथ घेऊन आला आणि धर्मराजास म्हणाला, "रथात बैस, पण या कुत्र्याला मात्र येथेच सोड. स्वर्गात त्याला जागा नाही." धर्मराजाने साफ नकार दिला. ज्याने माझा आश्रय घेतला त्याला सोडून मिळणारा स्वर्ग मला नको, असे त्याचे म्हणणे होते. इंद्राने नाना प्रकारे समजावून पाहिले, पण धर्मराज बधला नाही. शेवटी तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्मच असल्याचे उघड झाले, ही गोष्ट तुम्हांस ठाऊक आहेच.

आकाशमार्गाने जाणाऱ्या वाहनात प्राण्याला जागा द्यावी की न द्यावी, याविषयी झालेला हा कदाचित पहिलाच वाद असेल. आज तोच वाद पुन्हा उभा राहिला आहे. फरक एवढाच, की इंद्राच्या रथाऐवजी आता दीडदोनशे प्रवाशांचे विमान आहे आणि त्या सर्वांचा विचार करावयाचा आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा विमानतळावर आपण उभे आहोत, अशी कल्पना करा. अजिंठा-वेरूळची लेणी पाहून परतणारे प्रवासी, व्यापारी आणि नोकरीनिमित्त जाणारे लोक रांगेत उभे आहेत. त्यांत तीन प्रवासी आहेत. पहिला एक अंध गृहस्थ असून त्याच्या हातात एका कुत्र्याच्या पाठीवरील साजाचा दांडा आहे. दुसरी आहे गुलमंडीजवळ राहणारी बारा वर्षांची एक मुलगी. बंद जागेत गेली की तिचा श्वास कोंडतो, हातपाय थरथरू लागतात आणि घशाला कोरड पडते. अशा वेळी तिची मांजर मांडीवर येऊन बसली, म्हणजे तिचे मन हळूहळू शांत होते. वडिलांची दिल्लीस बदली झाली आहे आणि ही मांजर विमानात आपल्या मांडीवर असावी, अशी तिची विनवणी आहे. तिसरे आहेत एक वृद्ध गृहस्थ. त्यांना दम्याचा विकार आहे, आणि मांजराच्या सहवासात त्यांचा दमा उसळतो. त्यांचे आसन नेमके त्या मुलीच्या शेजारी आहे.

आता तुम्ही अधिकाऱ्याच्या जागी असता, तर काय केले असते?

अंध गृहस्थाचा प्रश्न आज फारसा अवघड राहिलेला नाही. परंतु तो सोपा होण्यास बरीच वर्षे लागली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्र्यांना वाट दाखविण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. त्यासाठी ओल्डेनबुर्ग येथे 1916 साली एक शाळा निघाली. पुढे डोरोथी युस्टिस नावाच्या एका अमेरिकन बाईंनी या कुत्र्यांविषयी एक लेख लिहिला. 1927 साली तो प्रसिद्ध झाला आणि मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाच्या घरी तो त्याला वाचून दाखविण्यात आला. फ्रँकने बाईंना पत्र लिहिले आणि 1928 साली तो त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला जाण्यास निघाला. त्या काळी अंध माणसाने एकट्याने प्रवास करणे कोणास मान्य नव्हते. म्हणून त्याला टपालातील पार्सलासारखे एका कंपनीच्या हवाली करून जहाजाने पाठविण्यात आले! जहाजावर त्याला त्याच्या मर्जीप्रमाणे हिंडू-फिरू देखील देत नसत.

परत येताना मात्र हा तरुण पार्सल राहिला नव्हता. त्याच्या सोबत 'बडी' नावाची जर्मन शेफर्ड जातीची कुत्री होती. न्यूयॉर्क येथे उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत त्याने वाहनांची प्रचंड वर्दळ असलेला रस्ता बडीच्या साहाय्याने ओलांडून दाखविला. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1929 साली, असे कुत्रे तयार करणारी 'द सीइंग आय' ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. असा कुत्रा धन्याला ओढत नेतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. कोठे जावयाचे हे माणूस ठरवितो. रस्त्यावरील वाहनांचा आवाज ऐकून, आता निघावे, हेही तोच सांगतो. कुत्र्याचे काम त्यापुढचे असते. खड्डा, पायरी, लोंबणारी फांदी, उभी केलेली हातगाडी यांतून तो वाट काढतो. आणि धन्याने "पुढे चल" म्हणून आज्ञा केली, पण समोरून मोटार येत असली, तर तो जागचा हलत नाही. आज्ञा पाळावयास शिकविणे सोपे असते. आज्ञा केव्हा मोडावी, हे शिकविण्यासच खरे परिश्रम लागतात. शिवाय गर्दीत भुंकू नये, कोणी खाऊ दाखविला तरी वळून पाहू नये, आसनाखाली तासन् तास निमूट पडून राहावे, हेही त्याच्या अंगवळणी पाडावे लागते.

फ्रँक बडीला घेऊन गावोगाव फिरला. उपाहारगृहे, आगगाड्या आणि कचेऱ्या यांची दारे अशा कुत्र्यांना खुली व्हावीत, म्हणून त्याने अनेकांशी वाद घातले. 1938 सालच्या मे महिन्यात युनायटेड या कंपनीच्या विमानातून तो शिकागोहून न्यूअर्कला गेला, तेव्हा बडी प्रवासी कक्षात त्याच्या पायांपाशी होती. ती तेव्हा फार थकलेली होती. त्यानंतर आठवड्याभरातच तिने प्राण सोडला.

आज जगातील बहुतेक देशांत शिकविलेल्या मार्गदर्शक कुत्र्याला विमानात धन्याजवळ बसू देतात. आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही त्याला स्थान आहे. मात्र असे कुत्रे आपल्याकडे फारच थोडे आहेत. बहुतेक अंध बंधुभगिनी पांढऱ्या काठीच्याच आधाराने चालतात, म्हणून हा प्रसंग विमानतळावरील कर्मचाऱ्यांनाही क्वचितच दिसतो.

आता त्या मुलीकडे वळू. तिचे काय?

शरीराचा विकार डोळ्यांना दिसतो, मनाचा दिसत नाही. पाय मोडलेल्या माणसाला आपण लगेच जागा करून देतो. परंतु भीतीने गुदमरलेल्या माणसाला, "उगाच घाबरतोस," असे म्हणून मोकळे होतो. हे बरोबर नाही. मनाचे दुखणेही दुखणेच असते, आणि मायेच्या प्राण्याजवळ बसल्याने माणसाचा जीव थाऱ्यावर येतो, याचा अनुभव तुमच्यापैकी ज्याच्या घरी गाय, कुत्रा किंवा मांजर आहे त्याला आलाच असेल. परीक्षेत नापास होऊन घरी आलेल्या मुलाला घरचे कुत्रे गुणपत्रिका विचारत नाही! म्हणून अमेरिकेत बरीच वर्षे अशी पद्धत होती, की मनाला आधार देणाऱ्या प्राण्याची गरज असल्याचे वैद्याचे पत्र दाखविले, म्हणजे तो प्राणी विमानात विनामूल्य नेता येत असे. त्याला काही शिकविलेले असलेच पाहिजे, अशी अट नव्हती.

हेतू उत्तम होता. परंतु हळूहळू असे दिसू लागले, की काही लोकांना प्राण्याचे भाडे वाचविण्याची ही युक्ती सापडली आहे. पैसे भरले की पत्र घरपोच पाठविणारी दुकाने निघाली. तेथील विमान कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2016 साली असे 4 लाख 81 हजार प्राणी विमानांतून गेले होते. 2017 साली ती संख्या 7 लाख 51 हजार झाली. एका वर्षात अडीच लाखांहून अधिक लोकांची मने एकाएकी दुखावली असतील, असे मानणे कठीण आहे.

या प्राण्यांत कुत्री-मांजरे होतीच, पण डुकरे आणि बदकेही होती. 2018 सालच्या जानेवारीत तर एक प्रवासी न्यूअर्क येथील विमानतळावर चक्क मोर घेऊन आला. मोरासाठी वेगळे तिकीट काढले आहे, असेही त्याचे सांगणे होते. युनायटेड कंपनीने मोराला विमानात घेतले नाही. जो पक्षी कार्तिकस्वामींना पाठीवर घेऊन त्रिभुवन हिंडतो, त्याच्यावर वाहनासाठी रांगेत तिष्ठण्याची पाळी यावी, याचे हसू येते. पण आणखी एक गोष्ट पाहा. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या कंपनीच्या विमानातून बडी ज्या गावी उतरली, तीच ही कंपनी आणि तेच हे गाव.

हसण्यासारखे नसलेले प्रसंगही घडले. 2017 सालच्या जून महिन्यात अटलांटा येथे, उड्डाणापूर्वी, अशाच एका आधार देणाऱ्या कुत्र्याने शेजारच्या प्रवाशाच्या तोंडाचा चावा घेतला. त्या बिचाऱ्याला 28 टाके घालावे लागले. तो खिडकीजवळ बसला होता आणि कुत्रा त्याच्या व वाटेच्या मध्ये होता. विमानातून उठून बाहेर जाता येत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. रस्त्यात कुत्रे अंगावर आले तर आपण बाजूला होतो. विमानात बाजूच नसते.

विमानातील जागेला आणखीही एक महत्त्व आहे. नवे विमान तयार झाले की त्यातील सर्व माणसे 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करून दाखवावे लागते, आणि तेही निम्मी दारे बंद ठेवून. हा नियम किती मोलाचा आहे, हे आपल्या नगराला फार दुःखद रीतीने कळलेले आहे. 26 एप्रिल 1993 रोजी चिकलठाण्याहून निघालेले प्रवासी विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीवर आदळले आणि पुढे जाऊन कोसळले. विमानातील 118 माणसांपैकी 55 जणांचा अंत झाला. त्या अपघाताशी कोणत्याही प्राण्याचा संबंध नव्हता. परंतु अशा घटकेला आसनांच्या रांगांमधील चिंचोळी वाट मोकळी असणे म्हणजे काय, हे ज्यांना समजते, ते तेथे बिथरलेल्या जनावराला सहजासहजी जागा देणार नाहीत.

या सगळ्या वादात प्रवासी बोलतात, कंपन्या बोलतात, वैद्य बोलतात. बोलत नाही तो फक्त प्राणी. त्याला काय वाटत असेल? उंच उडणाऱ्या विमानाच्या आतील हवेचा दाब साधारणपणे 1800 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर 1646 मीटर उंच आहे. त्याहूनही ही उंची अधिक झाली. यंत्रांची घरघर, कानांत बसणारे दडे आणि अनोळखी वास यांचे कारण आपल्याला कळते. मांजराला कळत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वास घेणेही जड जाते, म्हणून अनेक कंपन्या त्यांना नेण्यास तयार नसतात. आपली भीती घालविण्यासाठी दुसऱ्या जिवाला भीतीत टाकावे का, हा प्रश्न त्या मुलीनेही स्वतःला विचारावयास हवा.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एका पांढऱ्या हत्तीची जातककथा रंगविलेली आहे. हा हत्ती आपल्या अंध आईचा सांभाळ करीत असे. वाट चुकलेल्या एका वनचराला त्याने रानातून सुखरूप बाहेर काढले. त्या कृतघ्नाने राजाला हत्तीचा ठावठिकाणा सांगितला आणि राजाने त्याला पकडून आपल्या गजशाळेत आणले. राजाचे हत्तीवर प्रेम नव्हते असे नाही. त्याने त्याला सजविले, उत्तमोत्तम चारा पुढे ठेवला. पण हत्ती घासाला शिवेना. आई तिकडे एकटी आणि आंधळी, हे कळल्यावर राजाने त्याला सोडून दिले. राजाला हत्ती प्रिय होता, पण हत्तीला काय हवे, हे त्याने फार उशिरा विचारले. धर्मराजाचे वेगळेपण मला येथेच दिसते. कुत्रा जवळ असला म्हणजे मला बरे वाटेल, असे तो इंद्राला म्हणाला नाही. मी सोडले तर याचे काय होईल, याची त्याला चिंता होती.

मग नियम कसा असावा? अमेरिकेच्या शासनाने 2020 सालच्या डिसेंबरात नवा नियम प्रसिद्ध केला आणि 11 जानेवारी 2021 पासून तो अमलात आला. त्याप्रमाणे साहाय्यक प्राणी म्हणजे अपंग व्यक्तीसाठी विशिष्ट काम करण्यास शिकविलेला कुत्रा. नुसता मनाला आधार वाटतो म्हणून आणलेला प्राणी विनामूल्य घेण्याचे बंधन कंपन्यांवर उरले नाही. हा नियम कठोर वाटेल. पण त्यातील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. मनाच्या आजारासाठी शिकविलेला कुत्रा त्याने वगळलेला नाही. धन्याला भयाचा झटका येऊ लागला की त्याला ओळखून अंगावर भार टाकणारा, भयंकर स्वप्नातून जागे करणारा, औषधाच्या वेळेची आठवण करून देणारा कुत्रा हा अंधाच्या कुत्र्याइतकाच मानाचा प्रवासी ठरतो. म्हणजे शरीर आणि मन यांत भेद केलेला नाही. भेद केला आहे तो शिकविलेला आणि न शिकविलेला यांत.

मला हा भेद योग्य वाटतो. प्रेम किती आहे, हे मोजण्याचे माप कोणत्याही अधिकाऱ्याजवळ नाही. मोरावर कोणाचे प्रेम कमी आणि मांजरावर जास्त, असा न्याय त्याने कसा करावा? काम मात्र पाहता येते, पारखता येते. आणि जेव्हा खोटी पत्रे दाखवून न शिकविलेली जनावरे विमानात शिरतात आणि भुंकतात, चावतात, तेव्हा त्याचा सर्वांत मोठा तोटा कोणाला होतो? त्या अंध गृहस्थाला. त्याच्या गुणी कुत्र्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात. मॉरिस फ्रँकने ज्या दारांसाठी भांडण मांडले, ती दारे अशा लबाडीने पुन्हा लोटली जाऊ शकतात.

तथापि आपल्या मुलीला काहीच वाट नाही, असे समजू नका. आपल्या देशातील काही कंपन्या लहान पाळीव प्राण्याला भाडे आकारून प्रवासी कक्षात नेऊ देतात. एअर इंडियात ही सोय पूर्वीपासून आहे. अकासा एअरने ती 2022 सालच्या नोव्हेंबरात सुरू केली. काही कंपन्या मात्र पाळीव प्राणी मुळीच नेत नाहीत, म्हणून आधी विचारावे लागते. मुंबईच्या विमानतळावर शिकविलेले कुत्रे प्रवाशांच्या भेटीला आणण्याची प्रथाही पडली आहे. ज्याला उड्डाणाची धास्ती वाटते, त्याने त्यांना थोपटावे, चार क्षण त्यांच्याशी घालवावेत आणि मग विमानात चढावे. ज्याला कुत्रा नको, त्याने दुरून जावे. या प्रथेत कोणाच्या शेजारी कोण बसणार, हा तंटाच उरत नाही.

तेव्हा चिकलठाण्याच्या रांगेतील आपल्या तिघांची व्यवस्था आता लावून टाकू. अंध गृहस्थाला पुढची, पाय पसरण्यास जागा असलेली आसने द्यावीत. कुत्रा त्याच्या पायांपाशी पडून राहील. दम्याचे वृद्ध गृहस्थ मांजरापासून दूर, मागच्या रांगेत जातील. त्यांनी ही अडचण विमानात बसण्यापूर्वीच सांगितली, हे फार बरे केले. मुलीच्या वडिलांनी मांजराचे भाडे भरावे, पशुवैद्याकडून तिची प्रकृती ठीक असल्याचा आणि रेबीजची लस टोचल्याचा दाखला आणावा. मांजर मांडीवर बसणार नाही. तिला जाळीच्या टोपलीत ठेवून टोपली समोरच्या आसनाखाली सरकवावी लागेल. मुलीला टोपलीवर पाऊल टेकवून बसता येईल. घाबरल्यावर श्वास मोजत सावकाश कसा घ्यावा, हेही वैद्यांनी तिला शिकवावे, कारण दिल्लीच्या शाळेत मांजर सोबत येणार नाही.

राहता राहिली मांजर. तिचे मत घेण्याचाही एक उपाय आहे. प्रवासापूर्वी काही दिवस ती टोपली घरात, उन्हाच्या कवडशात, झाकण उघडून ठेवावी आणि आत मुलीची जुनी ओढणी अंथरावी. मग कोणी हाक मारू नये, उचलून आत ठेवू नये. दूर बसून, ती आपण होऊन आत जाते का, हे पाहावे.